पाणी आणि हाडे



हाड म्हणजे घराच्या खांबासारखी निर्जीव वस्तू, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः हाड आयुष्यभर मोडले आणि बांधले जात असते. एका प्रकारच्या पेशी जुना भाग विरघळवतात, दुसऱ्या तेथे नवा भरतात. हा मेळ बिघडल्याने जडणाऱ्या आजारांपैकी फ्लोरोसिस हा आपल्या अगदी जवळचा; कारण तो पाण्यातून येतो.

1937 साली शॉर्ट, पंडित आणि राघवाचारी यांनी नेल्लोर जिल्ह्यातील या विकाराची नोंद प्रसिद्ध केली. यांतील चिंतामण गोविंद पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. मराठी घरांत हे नाव आज क्वचितच निघते.

फ्लोराइड हाडाच्या खनिजात शिरते आणि बांधणाऱ्या पेशींना अकारण चेतवते. हाड जाड होते, पण ठिसूळ. मणक्यांचे अस्थिबंध चुना साचून कडक होतात. मान वळत नाही, पाठ वाकत नाही. हे घडायला अनेक वर्षे लागतात, म्हणून घरचे लोक ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. ताठरलेली पाठ मग पूर्ववत होत नाही.

भिलाईच्या टाउनशिपला तांदुला धरणाचे पाणी मरोदा तलावातून मिळते. फ्लोराइड मात्र प्रामुख्याने खडकांतून भूजलात उतरते. छत्तीसगडात कोरबा व कांकेर, महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत ते जादा आढळले आहे. टाउनशिपबाहेर घर बांधून बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी ते तपासलेले बरे. लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. चव वा रंग काहीच सांगत नाही. उकळल्यानेही फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली.

पहिली खूण मुलांच्या दातांवर उमटते: खडूसारखे पांढरे, पुढे पिवळे-तपकिरी पट्टे. दात घडत असतानाच, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, हे घडते. असे पट्टे घासून जात नाहीत. मुलाला आळशी ठरवून रागावणे व्यर्थ आहे. एकाच वस्तीतील चार-पाच मुलांच्या दातांवर ते दिसले, तर वर्गशिक्षकांनी त्या वस्तीतील हातपंपाचे पाणी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेकडे धाडावे. हाडांचे दुखणे सुरू व्हायला तेव्हा बहुधा अवकाश असतो.