खोळंब्यातले सहप्रवासी



यंत्र दुरुस्त होईपर्यंत बंदरात अडकलेले खलाशी शेजारच्या नौकेवर गप्पांना जातात, आपले जेवण वाटून घेतात. हा बंधुभाव खोळंब्यातून जन्मतो. बदलापूर परिसराने असा खोळंबा रुळांवर पाहिला.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात थांबली. गाडीत सुमारे १०५० प्रवासी, त्यांत ९ गर्भवती भगिनी. चोहीकडे पाणी! डबाच सुरक्षित आहे, खाली उतरू नका, असे रेल्वेने कळविले. ही सूचना सोपी वाटते; पण अंधारात, उपाशीपोटी, लेकरे कडेवर घेऊन ती पाळणे सोपे नव्हे. एक जण घाबरून उतरला असता तर त्याच्यामागे किती गेले असते? तेथे प्रत्येकाचा धीर शेजारच्या बाकावरील अनोळखी माणसाच्या हाती होता.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नौका आल्या, नौदलाचे पाणबुडे आले. आसपासचे ग्रामस्थही मदतीला धावले. दुपारपर्यंत सर्वजण सुखरूप बाहेर पडले. पुढे जाणाऱ्यांसाठी कल्याणहून कोल्हापूरला विशेष गाडी सोडण्यात आली.