कच्च्या लाकडाची कपाटे

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



चालक भगिनींनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी म्हटले, सातवी शिकलेली बाई भाषण काय करणार? त्या म्हणाल्या, "भाषण नको. स्वयंपाकघरातली कपाटे घरीच पॉलिश केलीत, ते सांगा." तेवढे मला सांगता येईल.

आमच्याकडे सुताराने सागवानाची कपाटे करून कच्चीच ठेवली. पॉलिशवाल्याने मजुरी सांगितली ती सुताराच्या मजुरीला भिडली. हे म्हणाले, "पुढल्या दिवाळीला बघू." पण स्वयंपाकघरातले कच्चे लाकूड दिवाळीपर्यंत थांबत नाही. हळदीचा हात लागला, फोडणीचे तेल उडाले, की ते आत मुरते. मग त्यावर पॉलिश धड बसत नाही. पावसाळ्यात दारे फुगतात ती निराळीच. तेव्हा मीच पदर खोचला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हे पुरुषांचे काम." मी म्हटले, पितळी पातेली घासणाऱ्या हातांना लाकूड का घासता येऊ नये?

आणि खरोखरच यात बारा आणे काम घासण्याचे आहे. आधी दारे बिजागऱ्यांसकट काढावी आणि मागे खडूने आकडे घालावे. खिळ्यांची भोके लांबीने बुजवावी. मग १२० नंबरचा पॉलिश कागद, त्यामागून १८० नंबरचा. लाकडाच्या रेषा जातील तसेच घासायचे. आडवा हात मारला तर ओरखडे आत्ता दिसत नाहीत, रंग चढला की उठून दिसतात. नंतर ओलसर फडके फिरवावे. लाकडाची लव उभी राहते. वाळल्यावर २२० नंबरने ती हलकेच काढावी. सुताराचा पांढरा डिंक कुठे ओघळला असेल तर तो खरवडून काढावा, कारण तिथे रंग मुरत नाही आणि कोडासारखा डाग राहतो. तोंडाला फडके बांधायला विसरू नका.

रंग, म्हणजे दुकानदार ज्याला स्टेन म्हणतो तो, लाकूड झाकीत नाही, त्यात मुरतो. म्हणून आधी सुताराकडच्या उरल्या तुकड्यावर लावून, वर वार्निशचा हात देऊन पाहावा. वार्निशने रंग गडद होतो. फडक्याने लावावा आणि थोड्या वेळाने जास्तीचा पुसून घ्यावा. फळीचे कापलेले टोक अधिक रंग पिते, तिथे हात आखडता. पाइनचे लाकूड ठिकठिकाणी कमीजास्त पिऊन चट्टे पाडते. सागवानाला मुळात रंग लागतोच असे नाही; मी तर म्हणेन, देवाने दिलेला आहे तोच बरा.

आता खरा प्रश्न, वरून काय लावायचे? आपल्याकडे पूर्वापार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरच्या किड्यांची ही लाख; औषधाच्या गोळ्यांवरही तिचा लेप असतो. झळाळी सुंदर येते. परंतु वाफेने आणि गरम भांड्याने ती पांढरी पडते. दिवाणखान्याला उत्तम, शेगडीजवळ नको. मी कपाटांच्या आत लाख लावली, कारण वाळल्यावर तिला वास राहत नाही आणि डाळतांदळाला तेलाचा दर्प येत नाही. बाहेरून मात्र पॉलियुरेथेनचे वार्निश, दुसरे काही मिसळावे न लागणारे, ब्रशाने लावायचे. सागवान तेलकट असते, म्हणून आधी थिनरने पुसून घ्यावे. पातळ हात तीन. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरचा कागद अलगद फिरवून धूळ पुसावी. दाराची मागची बाजू कोरी ठेवू नये, नाहीतर दार वाकते. हे काम दिवाळीनंतर करावे. पावसाच्या हवेत लाखेचे पॉलिश धुरकट होते.

आता एक गोष्ट, आणि ही कृपा करून घरी जाऊन सर्वांना सांगा. जवसाचे तेल, ज्याला रंगवाले बेलतेल म्हणतात, त्याची किंवा तेलाच्या स्टेन-वार्निशची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापते आणि बोळ्यातली ऊब बाहेर जात नाही, तेव्हा काडी न लावता फडके पेट घेऊ शकते. फडकी अंगणात एकेरी पसरून कडक वाळवावी, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकून ठेवावी. स्पिरिट, थिनर वापरताना गॅस बंद, देवापुढचे निरांजनही शांत, आणि खिडक्या सताड उघड्या. मुले आजोळी गेलेली असली तर फारच चांगले.

दुसऱ्या दिवशी वार्निश हाताला कोरडे लागेल, पण आतून कच्चेच असते. डबे भरायची घाई करू नये. मी तीन आठवडे सारे डबे पलंगाखाली ठेवले होते. यांची कुरकुर झाली, ती चालायचीच.

ज्यांना दारे हात लावून पाहायची असतील त्यांनी दुपारी तीननंतर यावे. उरलेला २२० नंबरचा कागदही आहे, हवा तिने न्यावा.