मैत्रीची मागणी

एडिंबरो येथे १९१० सालच्या जून महिन्यात जागतिक मिशनरी परिषद भरली, तेव्हा जमलेल्या सुमारे १,२०० प्रतिनिधींत आशियातील माणसे वीसदेखील नव्हती. त्या मोजक्या मंडळींत पस्तीस वर्षांचे एक तमिळ पाळक होते. वेदनायगम सॅम्युएल अझरिया हे त्यांचे नाव.

तिरुनेलवेलीकडच्या एका खेड्यात, पाळकाच्याच घरी ते जन्मले. परदेशप्रवास त्यांना नवा नव्हता. वाय. एम. सी. ए.चे चिटणीस असताना १९०२ साली ते जाफन्याला गेले आणि तेथील तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशाने सेवक बाहेर धाडतात हे पाहून आले. दुसऱ्याच वर्षी तिरुनेलवेलीत तशी संस्था उभी राहिली. १९०७ साली ते टोकियोच्या विद्यार्थी परिषदेलाही जाऊन आले. १९०९ मध्ये दीक्षा घेऊन ते निजामाच्या राज्यातील डोर्नकल येथे कामास लागले. भाषा तेलुगू, म्हणजे त्यांना परकीच. ती त्यांनी शिकून घेतली.

एडिंबरोला त्यांच्यापुढे बसलेल्या लोकांनी हिंदुस्थानात शाळा काढल्या होत्या, रुग्णालये चालवली होती, दुष्काळात अन्न पुरवले होते. या कार्यकर्त्यांची केवळ वाखाणणी करून परतणे सोपे होते. अझरियांनी विषय निवडला तो परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांच्या परस्परसंबंधांचा. दक्षिणेत खालच्या श्रेणीचे देशी सेवक मिशनऱ्याला ‘यजमान’ म्हणतात, हे त्यांनी सांगितले. मराठी घरात या शब्दाला आतिथ्याचा गंध आहे. तिकडे मात्र त्याचा अर्थ धनी. एकाने पगार द्यायचा, दुसऱ्याने हुकूम पाळायचा, आणि दोघांनी मिळून प्रेमाचा उपदेश करायचा, अशी ही विसंगती होती. हस्तांदोलन, घरी जाणे-येणे, एका पंगतीस बसणे या गोष्टींना स्वतंत्र मोल नाही, पण त्यांवाचून स्नेह दिसणार कशात, असा त्यांचा रोख होता. मिशनऱ्यांचा त्याग त्यांनी मोकळेपणाने मान्य केला. धन दिलेत, देह झिजवलेत. आता आम्हांला मित्र द्या, अशा आशयाची मागणी करून त्यांनी भाषण संपवले.

काही मिशनऱ्यांना हे बोल झोंबले, आणि ते साहजिकच होते. उपकारकर्त्याला उपकाराची रीत दाखवून देणे कोणत्याही समाजात अवघडच असते. तथापि बोलणारा मनुष्य कडवट नव्हता. शेरवुड एडी या अमेरिकन सहकाऱ्याशी त्यांची गाढ मैत्री होती. जे मागितले ते शक्य आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात ते बिशप झाले. अँग्लिकन पंथात हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्या नेमणुकीला काही युरोपीय मिशनऱ्यांनी विरोध केला होता, तसाच काही देशी ख्रिस्ती मंडळींनीही. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावर महात्मा गांधींशी त्यांचे तीव्र मतभेद झाले, हेही नमूद केले पाहिजे.

१९२७ साली लोझान येथील परिषदेत ते पुन्हा परदेशी श्रोत्यांपुढे उभे राहिले. पंथांचे ऐक्य पाश्चात्त्यांना एक इष्ट आदर्श वाटत असेल, आमच्याकडे तो जगण्याचा प्रश्न आहे, असे त्यांनी तेथे बजावले. ऐक्यासाठी ते अखेरपर्यंत झटले. १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकल येथे त्यांचे निधन झाले. दक्षिण भारताचे संयुक्त चर्च स्थापन झाले ते २७ सप्टेंबर १९४७ रोजी.