मोठ्या सभागृहाचा फोटो आणि फ्लॅशची मर्यादा

मंगल कार्यालयाचं किंवा नाट्यगृहाचं प्रशस्त दालन एका फोटोत मावावं, म्हणून आपण वाइड अँगल लेन्स लावतो आणि फ्लॅश मारतो. फोटोत मात्र पुढच्या खुर्च्या पांढऱ्याफटक, मागचं व्यासपीठ काळोखात आणि कोपरेही काळवंडलेले दिसतात.

याचं कारण साधं आहे. अंतर दुप्पट झालं, की फ्लॅशचा प्रकाश एकचतुर्थांश उरतो. फ्लॅशची ताकद सांगणारा गाइड नंबर 24 मीटर असेल, तर आयएसओ 100 आणि एफ 4 ला तो 6 मीटरपर्यंतच पुरतो. आयएसओ 400 केला, की 12 मीटरपर्यंत. शिवाय 16 मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर आडवं जवळपास 97 अंश पाहते. अनेक फ्लॅशचा झोत एवढा रुंद नसतो, म्हणून कोपरे अंधारतात. त्यासाठी फ्लॅशवरची पसरट पट्टी बाहेर ओढा, किंवा छत पांढरं आणि फार उंच नसेल तर फ्लॅश छताकडे वळवा.

दालन रिकामं असेल, तर याहून चांगला उपाय आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, दिवे मालवा, शटर बल्ब मोडवर उघडं ठेवा. मग खांबांच्या आडून, फ्लॅशचं तोंड लेन्सकडे न करता, जागा बदलत फ्लॅश मारत जा. सगळं दालन एकसारखं उजळतं.

कॅमेरा वरखाली न झुकवता समतल ठेवा, म्हणजे खांब सरळ दिसतील. आणि अजिंठ्यासारख्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, ती मनापासून पाळा.