जाम झालेला बोल्ट : जोर नको, धीर हवा

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. मृगाचा पाऊस आला की पऱ्हे टाकायचे आणि एकवीस ते पंचवीस दिवसांत रोवणीला लागायचे. या दिवसांत चिखलणी करणारा ट्रॅक्टर उभा राहिला, तर बांधीतले पाणीही जाते आणि पऱ्हेही वयात जातात. रोपाचे वय वाढले की फुटवे कमी येतात. एवढे नुकसान कशाने होते? पुष्कळदा एका गंजलेल्या बोल्टाने! रोटाव्हेटरचे झिजलेले पाते बदलायला बसावे आणि बोल्ट हलू नये. मग पान्याला लांब पाइप लावून जोर करतात, आणि बोल्टाचे डोकेच तुटून हातात येते. म्हणून हे काम आत्ता, मृग लागायच्या आत करून घ्या.

बोल्ट जाम का होतो, ते आधी पाहू. चिखलणीत आट्यांमध्ये पाणी आणि बारीक गाळ शिरतो. अवजार न धुता मांडवाखाली ठेवले की लोखंडाला गंज चढतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे नट आणि बोल्ट यांच्यामध्ये पाचर मारल्यासारखे होते. ही पाचर आधी सैल करायची. ताकद नंतर.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. अवजार नुसत्या हायड्रॉलिकवर किंवा जॅकवर उचलून त्याखाली हात घालू नका. खाली लाकडाचे भक्कम ठोकळे द्या.

आता क्रमाने असे करा :

1. तारेच्या ब्रशने आट्यांवरचा गाळ आणि गंज साफ करा. माती राहिली तर तेल आत जात नाही.

2. दुकानात मिळणारे गंज सोडविणारे पातळ तेल सोडा. ते नसेल तर डिझेल चालेल. इंजिनचे जळके ऑइल जाड असते, ते आट्यांत लवकर शिरत नाही. संध्याकाळी तेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा सोडा. दोन-तीन दिवस गेले तरी घाई करू नका. रोवणीला अवकाश असतानाच हे जमते.

3. मधूनमधून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने बेताचे ठोके द्या. ठोक्याने गंजाला भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. आट्यांच्या टोकावर मात्र थेट मारू नका. टोक चेपले की नट बाहेरच येणार नाही.

4. पाना बरोबर मापाचा घ्या. उघड्या तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना चांगला. जुन्या ट्रॅक्टरवर काही बोल्ट इंची मापाचे असतात. त्यावर मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की कोपरे खाऊन टाकतो.

5. पहिल्यांदा थोडे आवळण्याच्या दिशेने हलवून पाहा. गंजाची पकड सुटली की मग उलट फिरवा. अर्धा फेरा सैल, पाव फेरा परत, थोडे तेल, असे करीत या. एक गोष्ट ध्यानात ठेवा. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे जसे उलटे असतात, तसे फिरत्या यंत्रांच्या काही भागांचेही असतात. पुस्तिका पाहूनच फिरवा.

एवढ्यानेही सुटत नसेल, तर शेवटी उष्णता. तापल्यावर नट फुगतो आणि पकड ढिली होते. म्हणून बोल्ट नाही, नट तापवा. पण आधी तेल-डिझेल पुसून घ्या. डिझेलची टाकी, बॅटरी, रबरी सील आणि बेअरिंग यांच्याजवळ आग नेऊ नका. आणि भावांनो, टायर चढवलेल्या चाकाचा बोल्ट गॅसने किंवा वेल्डिंगने कधीही तापवू नका. आतल्या आत रबर तापून टायर बाँबसारखा फुटतो आणि माणूस जागीच दगावू शकतो. टायर रिमवरून उतरवल्याशिवाय तेथे आग नकोच.

नटाचे कोपरेच गेले असतील, तर छिन्नीने नट उभा चिरून काढा. डोळ्यांना चष्मा हवाच, लोखंडाचा कण उडायला वेळ लागत नाही. बोल्ट आतमध्ये तुटला, तर मात्र स्वतः खटपट न करता लेथवाल्याकडे जा. वाकडे छिद्र पडले तर चार रुपयांचे काम चारशेवर जाते.

नवा बोल्ट घेताना जुना सोबत न्या. डोक्यावर 8.8 असा आकडा असेल, तर तेवढ्याच मजबुतीचा घ्या. स्वस्त, मऊ बोल्ट पात्यावर टिकत नाही. बसवताना आट्यांना थोडे ग्रीस लावा आणि वायसर घाला. चाकाच्या बोल्टाबाबत मात्र कंपनीची पुस्तिका सांगेल तसेच करा.

आणि शेवटचे. चिखलणी संपली त्याच दिवशी अवजार धुवा, वाळवा, उघड्या आट्यांवर ग्रीसचा हात फिरवा. या अर्ध्या तासाच्या कामाने पुढच्या सालची रोवणी अडणार नाही.