कुडा : पांढरा की काळा?



सातपुड्याच्या पानगळीच्या अरण्यात हिंडताना एखादे लहानसे अनोळखी झाड दृष्टीस पडते. पाने समोरासमोर, पान खुडताच पांढरा चीक, उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांचे झुबके. वाटाड्या 'कुडा' म्हणतो आणि निरीक्षक वहीत तेच नाव टिपतो. चूक होते ती येथेच; कारण या एका नावाखाली निरनिराळ्या प्रजातींची झाडे येतात.

पांढरा कुडा होलरेना प्रजातीतील. त्याच्या कडू सालीत कोनेसीन हे अल्कलॉइड असून आयुर्वेदात ती अतिसारावर देतात. काळा कुडा राइटिया प्रजातीतील. त्याच्या पानांपासून निळा रंग काढीत असत आणि त्याच्या पांढरट लाकडाची खेळणी कर्नाटकातील चन्नपट्टण येथे घडवितात. दोन्ही झाडे करवीर कुलातीलच; परंतु सालीची अदलाबदल झाली, तर रोग्याच्या हाती भलतेच द्रव्य पडते. हा घोटाळा शास्त्रीय नावांतही शिरला होता. लिनियसने १७५३ साली 'अतिसारनाशक' असे नाव दिलेली वनस्पती श्रीलंकेतील एक राइटिया आहे; औषधी पांढरा कुडा तो नव्हे.

मग ओळख पटवावी कशी? साम्य मोजीत बसू नये, भेद शोधावा. फूल हाती घेऊन त्याच्या कंठाशी पाहावे. तेथे बारीक झालर असून परागकोशांचा शंकू बाहेर डोकावत असेल, तर ते झाड काळ्या कुड्याचे. कंठ मोकळा असून पुंकेसर नळीत दडलेले असतील, तर पांढऱ्या कुड्याचे. फुलांचा हंगाम सरला असल्यास शेंगा पाहाव्यात. दोहोंच्याही शेंगा लांब व जोडीने लोंबणाऱ्या. मात्र काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. पांढऱ्याचे बी कडू म्हणून 'कडू इंद्रजव' व काळ्याचे 'गोडे इंद्रजव' म्हणतात खरे. पण अनोळखी झाडाचे बी जिभेवर ठेवून परीक्षा करणे धोक्याचे.

फूलही नाही, फळही नाही, अशा वेळी काय करावे? पानांसह एक डहाळी कागदात दाबून ठेवावी, स्थळ व तारीख लिहावी आणि नावाची जागा कोरी सोडावी. पुढल्या हंगामात त्याच झाडापाशी परत जावे. कोरी जागा केव्हाही भरता येते; चुकीचे नाव मात्र वहीतून बाजारापर्यंत जाऊन पोहोचते.