दहावीच्या विद्यार्थ्याला तंत्रज्ञानाचे काय आले पाहिजे?



२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. नागपूरसारख्या मोजक्या शहरांत ही पद्धत आधीच होती. आता ती गडचिरोलीच्या टोकापर्यंत पोचली आहे. दहावीचा टप्पा ओलांडताना मुलामुलींना नोंदणी करावी लागते, पासवर्ड ठरवून जपावा लागतो, दाखले अपलोड करावे लागतात, महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावावा लागतो. पाठोपाठ शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरचा अर्ज येतो. हे सारे शासन गृहीत धरते, पण शाळेने ते शिकवलेच पाहिजे आणि मुलाला ते आले की नाही हे पाहिलेच पाहिजे, अशी सक्ती कुठेही नाही. मग मूल सायबर कॅफे गाठते आणि आधार क्रमांकापासून ओटीपीपर्यंत सगळे तिथल्या माणसाच्या हवाली करते. म्हणून माझी मागणी अशी : माध्यमिक शाळेच्या अखेरीस तंत्रज्ञानाचे काय आले पाहिजे याचे मानक राज्याने ठरवावे, ते प्रत्यक्ष करून दाखवण्याचे असावे, आणि ते पुरे करण्याची पहिली जबाबदारी शासनाची असावी.

असे मानक ठरवणे महाराष्ट्राला नवे नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने (एमकेसीएल) २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले आणि एक कोटीहून अधिक लोकांनी तो अभ्यासक्रम केला. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत एमएस-सीआयटीला नाव घालायचे, हा विदर्भात कित्येक घरांचा परिपाठच झाला. हे काम मोठेच आहे. पण ते झाले शाळेच्या बाहेर, फी भरून, आणि नजर होती ती होऊ घातलेल्या कर्मचाऱ्यावर. शाळेच्या आत नववी-दहावीला माहिती संप्रेषण तंत्रज्ञान हा विषय होता, पण तो श्रेणीचा. मंडळाची लेखी परीक्षा नसलेल्या विषयाचा तास गणिताला देऊन टाकणे कुठल्याही शाळेला सोपे जाते. केंद्राच्या शाळांसाठीच्या २००४ च्या आयसीटी योजनेतून संगणक कक्ष उभे राहिले, परंतु खासगी संस्थांशी झालेल्या करारांची मुदत पाच वर्षांची होती. मुदत सरल्यावर शिकवायचे कोणी, याचे उत्तर आधी ठरवलेले नव्हते. किती यंत्रे बसली याचा हिशेब ठेवला गेला; मुलांना काय आले, याचा ठेवला गेला नाही.

‘आजकालच्या मुलांना हे शिकवावे लागते का? त्यांना तर सगळे येते,’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांविषयी सांगतो की ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ७६ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, तर अभ्यासाशी संबंधित कामासाठी ५७ टक्क्यांनी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांतही आपले प्रोफाइल खासगी कसे करायचे हे जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक होते. श्रीमंत देशांतही फारसे वेगळे चित्र नाही. २०२३ च्या आयसीआयएलएस या आंतरराष्ट्रीय चाचणीत युरोपीय संघातील आठवीचे सुमारे ४३ टक्के विद्यार्थी संगणक व माहिती साक्षरतेच्या दुसऱ्या पातळीपर्यंतही पोचले नाहीत. फोन हाताळता येणे वेगळे आणि त्यावर आलेल्या मजकुराची पारख करता येणे वेगळे. ‘असर’मधली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २७ टक्क्यांकडे. उलट अमेरिकेत २०१४ साली आठवीच्या विद्यार्थ्यांची तंत्रज्ञान साक्षरतेची राष्ट्रीय चाचणी संगणकावर झाली, तेव्हा मुली मुलांच्या पुढे होत्या. घरातला फोन आधी मुलाच्या हाती जातो. शाळेतल्या संगणकावर मुलीचा हक्क तेवढाच असतो.

तंत्रज्ञान रोज बदलते, मग मानक टिकणार कसे? इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी आहे. वर्ड आणि एक्सेल शिकवत राहणारा जुना अभ्यासक्रम मोडीत काढण्याची घोषणा तिथे २०१२ मध्ये झाली आणि २०१४ पासून संगणनाचा नवा अभ्यासक्रम आला. पण झुकते माप प्रोग्रॅमिंगला मिळाले, आणि सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला हा विषय घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास राहिले. म्हणून मानक एखाद्या सॉफ्टवेअरला बांधू नये आणि केवळ कोडिंगलाही बांधू नये. विद्यार्थ्याने नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे महिनाभराचे भाव तक्त्यात भरून सरासरी काढावी आणि आलेखावरून निष्कर्ष सांगावा. व्हॉट्सॲपवर आलेल्या बातमीचा मूळ स्रोत शोधावा. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेले उत्तर पाठ्यपुस्तकाशी ताडून त्यातली चूक दाखवावी. युनिकोडमध्ये स्वच्छ मराठी अर्ज लिहावा. पैशाची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर कळवायचे, हे त्याला माहीत असावे. साधने बदलली तरी ही कामे उरतात.

खरा गंभीर आक्षेप गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागड-एटापल्लीकडून येतो. जिथे संगणकच नाही तिथल्या मुलाची परीक्षा कशी घेणार? शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या यू-डायसनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांत संगणक होते आणि ५४ टक्के शाळांत इंटरनेट. पण मानक नसल्यामुळेच ही उणीव कुणाला बोचत नाही. केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू केले, इतर विषयांच्या शिक्षकांनाच प्रशिक्षण दिले, मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि दहावीला माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली. परीक्षा आली की यंत्र बंद ठेवणे शाळेला परवडत नाही. आपल्याकडे एक अट मात्र हवी : सुविधा नसलेल्या शाळेतल्या मुलावर नापासाचा शिक्का बसू नये, त्या शाळेचे नाव आणि तिथली उणीव जाहीर व्हावी. परीक्षांचे ओझे वाढेल म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाइतकी ही साधी गोष्ट आहे.

बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची परीक्षा आपले मंडळ ऑनलाइन घेतेच, तेव्हा यंत्रणा अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. नागपूर विभागीय मंडळाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. महानगर आणि दुर्गम जंगल, दोन्ही एकाच कार्यालयाखाली असलेला हा विभाग असे मानक पहिल्यांदा लागू करून पाहण्यासाठी योग्य आहे. या सभागृहात संस्थाचालक आहेत, मुख्याध्यापक आहेत, शाळा व्यवस्थापन समित्यांचे पालक आहेत. आपापल्या शाळेचा ठराव करून ही मागणी आपण विभागीय मंडळाकडे लेखी पाठवावी, अशी माझी विनंती आहे.